मूत्रपिंडाचं न दुखणारं दुखणं

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. पत्रिकेवर आमच्या नावाआधी 'डॉ.' छापलं आहे, ते तत्त्वज्ञानातलं. औषध लिहून देण्याचा अधिकार आम्हाला नाही. घराच्या दाराला पाटी लावल्यापासून पोटात दुखतंय म्हणून आलेली दहा-बारा माणसं तरी आम्ही परत पाठवली असतील. आता 'मूत्रपिंडाचे आजार, निदान आणि उपचार' हा विषय आम्ही स्वतःहून मागून घेतला म्हटल्यावर संयोजकही जरा बिचकले. त्यांची अपेक्षा शंकराचार्यांची होती, फार तर चार्वाकाची.

कारण साधं आहे. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्ताच्या तपासण्या करतात, तशा केल्या. त्यात क्रिएटिनिन नावाच्या ओळीपुढे १.९ असा आकडा आला आणि त्याच्याजवळ एक चांदणी. डोळ्याचे डॉक्टर आमच्या विद्यार्थ्याच्या वयाचे. म्हणाले, "सर, किडनीचा त्रास कधीपासून आहे?" आम्ही म्हणालो, "आम्हाला काहीच त्रास नाही. रोज चार किलोमीटर चालतो." ते म्हणाले, "तसंच असतं सर."

हे 'तसंच असतं' आम्हाला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. कारण आमचा युक्तिवाद चुकला होता, आणि नेमकी हीच चूक वर्गात फळ्यावर मांडून दाखवण्यात आमची सगळी नोकरी गेली होती.

ती चूक आधी सांगतो, मग मूत्रपिंडाकडे जाऊ. ज्ञान कशानं होतं याची चर्चा आपल्याकडे फार बारकाईनं झाली आहे. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कुमारिलभट्टाच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती त्यांत आणखी दोन घालतात. त्यातलं एक म्हणजे अनुपलब्धी. एखादी गोष्ट जाणवत नाही, यावरून ती नाही असं कळणं. समोरच्या जमिनीवर मडकं दिसत नाही, म्हणून तिथं मडकं नाही. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण हे लोक तिथं थांबत नाहीत. ते विचारतात, दिवा होता का? अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही म्हणून ते नाही असं म्हणता येत नाही. वस्तू तिथं असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचं न दिसणं हा पुरावा होतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. त्या 'योग्य' शब्दात सगळं आलं.

'दुखत नाही, म्हणजे आजार नाही.' दातापुरतं हे बऱ्यापैकी चालतं. दात किडला तर तो उशिरा का होईना सांगतोच. मूत्रपिंड सांगत नाही. तिथं दिवाच नाही.

असं का, हे कळायला ते काम कसं करतं ते पाहावं लागेल. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. एकेकाचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. पण हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो, म्हणजे मिनिटाला लिटरभर. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात या गाळण्यांतून १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. मग बाकीचं कुठं गेलं?

इथं आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते चहाच्या गाळणीचं. चोथा वर, चहा खाली. मूत्रपिंडाचं तसं नाही. दिवाळीआधी आपण घर साफ करतो तेव्हा काय करतो? एकेक नको असलेली वस्तू शोधत बसत नाही. सगळं सामान अंगणात काढतो आणि हवं तेवढंच परत आत घेतो. मूत्रपिंड हेच करतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं घरात ठेवायची. पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं नळीत ओतायचं, आणि मग पुढच्या वळणावळणाच्या नळीत पाणी परत, साखर परत, लागेल तेवढं मीठ परत. शंभरातलं नव्याण्णव परत घेतलं जातं. ही पद्धत खर्चिक वाटते, पण तिच्यात एक फायदा आहे. उद्या एखादा अनोळखी पदार्थ शरीरात आला तर तो ओळखायची गरज नाही. परत घेतला नाही, की तो आपोआप गेला.

याखेरीज रक्तदाब सांभाळणं, रक्तातली आम्लता आणि पोटॅशियम ताब्यात ठेवणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाला लावणं, आणि हाडांच्या मगजाला 'लाल पेशी तयार कर' असा निरोप पाठवणं, हीसुद्धा त्याचीच कामं. म्हणून मूत्रपिंड खालावलेला माणूस आधी थकतो, फिकट दिसतो. घरचे म्हणतात रक्त कमी झालंय. बीट आणि डाळिंब सुरू होतं. निरोप पाठवणारा कारकूनच आजारी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मौनाचं कारण. वीस लाख गाळण्या म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. भावाला एक मूत्रपिंड देऊन माणसं पुढं चाळीस वर्षं नीट जगतात, ती या शिलकीवर. पाच-दहा लाख गाळण्या मेल्या तर उरलेल्या जास्तीचं काम अंगावर घेतात, आणि वरवर काहीच बदलत नाही. पुढं या जास्तीच्या ओझ्यानं त्याही झिजतात. एकत्र कुटुंबात एक भाऊ काम सोडून बसला तर बाकीचे ओढून नेतात, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. कळतं तेव्हा दुसरा भाऊही अंथरुणाला खिळलेला असतो. शिवाय मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीवच जवळपास नाही. मुतखड्याची कळ माणसाला लोळवते हे खरं, पण ती कळ खडा नळीत अडकल्याची, मागं दाब साठल्याची. म्हणून आपल्याकडे एक विचित्र उलटापालट झाली आहे. 'किडनीचा त्रास' म्हटलं की लोकांना खडा आठवतो, जो दुखतो आणि बहुधा निघून जातो. जो आजार मूत्रपिंड संपवतो तो दुखत नाही, म्हणून आठवत नाही.

प्रत्यक्ष गेलं, मग उरलं अनुमान. डोंगरावर धूर दिसला की आग आहे, हे अनुमानाचं जुनं उदाहरण. मूत्रपिंडाचा धूर शोधायच्या जागा दोन.

पहिली लघवी. गाळणी फाटायला लागली की जे प्रथिन घरात राहायला हवं ते बाहेर जातं. त्याचं नाव अल्ब्युमिन. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ राहिला तर शंका घ्यावी, पण फेसाची वाट पाहू नये. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढणारी तपासणी असते. ते ३० च्या खाली असावं. ३० ते ३०० म्हणजे गळती लागली आहे, ३०० च्या वर म्हणजे चांगलीच लागली आहे. मधुमेहात ही गळती रक्तातला आकडा बिघडण्याच्या कितीतरी आधी, काही वेळा वर्षानुवर्षं आधी दिसते. धूर दिसायची ही सगळ्यात लवकरची जागा, आणि सगळ्यात कमी पाहिली जाणारी. आमच्या ओळखीतले मधुमेही शुगरचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ सांगतात. लघवीतलं अल्ब्युमिन किती, असं विचारलं की गप्प.

दुसरी जागा रक्तातलं क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा हा केर. मूत्रपिंड मंदावलं की तो रक्तात साठतो. पण इथं एक फसगत आहे. रिपोर्टवर नॉर्मल म्हणून बहुधा १.२ किंवा १.३ पर्यंतचा आकडा छापलेला असतो. आता तालमीत जाणारा पंचवीस वर्षांचा मुलगा घ्या आणि सत्तर वर्षांची आजी घ्या. दोघांचंही क्रिएटिनिन १.२. दोघांच्याही रिपोर्टवर चांदणी नाही. पण मुलाच्या अंगात स्नायू भरपूर, केर जास्तच निघणार. आजीच्या अंगात स्नायू उरलेत किती? तिथं १.२ म्हणजे केर उपसला जात नाहीये. वय आणि लिंग घालून हिशोब केला तर मुलाच्या गाळण्या मिनिटाला ८६ मिलिलिटर गाळताहेत आणि आजीच्या ४९ च्या आसपास. या हिशोबाला ईजीएफआर म्हणतात. आता बऱ्याच लॅब तो छापतात. छापला नसेल तर मागून घ्यावा. आमच्या १.९ चा हिशोब त्या वेळी ३७ निघाला.

याच आकड्यावर आजाराच्या पायऱ्या ठरतात. ९० च्या वर पहिली, ६० पर्यंत दुसरी, ३० पर्यंत तिसरी, १५ पर्यंत चौथी आणि त्याखाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांना आजार तेव्हाच म्हणायचं जेव्हा लघवीतून अल्ब्युमिन जाणं असा दुसरा पुरावा असेल. आणि बिघाड तीन महिने टिकला पाहिजे. एका रिपोर्टवरून कुणी रडू नये आणि एका रिपोर्टवरून कुणी निश्चिंतही होऊ नये. पुढं सोनोग्राफी करतात, मूत्रपिंड आक्रसलं आहे का, प्रोस्टेटमुळे किंवा खड्यामुळे वाट अडली आहे का, आनुवंशिक गाठी आहेत का ते पाहायला. क्वचित सुईनं तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. बायोप्सी म्हणजे कॅन्सर अशी समजूत आहे, ती सोडून द्यावी.

कारणांत मधुमेह आणि रक्तदाब पहिल्या रांगेत. ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथं थांबत नाही. आमचं कारण वेगळं निघालं. गुडघे. सात-आठ वर्षं आम्ही दुखण्याच्या गोळ्या घेत होतो. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. चिठ्ठी जीर्ण झाली, पण दुकानदार आम्हाला ओळखत होता. 'सर, नेहमीची ना?' यात दोष कुणाचा, असं विचाराल तर नेहमीची मागणाऱ्याचा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या वेदना कमी करतात, पण मूत्रपिंडात रक्त आणणारी वाट आक्रसतात. तरुण माणसाला दोन दिवस चालतं. वय झालेलं, रक्तदाबाची गोळी चालू, त्यात अंगातलं पाणी कमी, असं एकत्र आलं की घात होतो.

आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून आपल्या गावात येते. रिंगण आपण सगळे पाहतो. पण त्या दिवशी औषधांच्या दुकानांसमोरची रांगही एकदा पाहा. देहूपासून चालून आलेली साठी-सत्तरीची माणसं, पाय सुजलेले, पाणी कमी प्यायलेलं, कारण वाटेत लघवीला जायची पंचाईत, बायकांची तर फारच. आणि हातात पाच-पाच रुपयांच्या गोळ्यांच्या पट्ट्या. सेवा म्हणून गोळ्या वाटणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की पॅरासिटामॉल वाटा, मूत्रपिंडाच्या दृष्टीनं ती पुष्कळ बरी. त्याहून बरं म्हणजे पाणी आणि आडोशाच्या स्वच्छतागृहांची सोय करा.

आता शब्द प्रमाण. शब्द म्हणजे आप्तवाक्य, ज्याला त्या विषयातलं कळतं आणि ज्याला फसवायचं नाही अशा माणसाचं वचन. दोन्ही अटी हव्यात. 'किडनी साफ करणारा काढा' मोबाईलवर पाठवणाऱ्या मेहुण्याला आपल्याला फसवायचं नसतं, पण त्याला कळतही नसतं. धातूंची भस्मं नेमकी काय आहेत हे न विचारता महिनोन् महिने खाल्ली तर शिसं आणि पारा मूत्रपिंडातच जाऊन बसतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं एकापाठोपाठ बिघडली. उलगडा मुंबईच्या केईएममध्ये झाला. घरात एकच गोरं होण्याचं क्रीम तिघी वापरत होत्या आणि त्यात पारा भरपूर होता. तोंडाला लावलेलं मूत्रपिंडात पोचतं, हे कुणाच्या मनात यावं?

अचानक होणारा बिघाड ही वेगळी जात आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या भागात बोललंच पाहिजे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं, जंतुसंसर्ग रक्तात भिनला, किंवा घोणस चावली. उसाच्या फडात, पाचटात घोणस असते हे इथं कुणाला सांगायला नको. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं स्थिर ठेवून ते गोठतं का एवढं पाहतात. इतकी साधी तपासणी. गोठलं नाही तर प्रतिविषाची लस ताबडतोब. देवळात नेण्यात, मंत्र घालण्यात गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या खात्यावर लिहिला जातो. पण सांगायचं ते पुढंच आहे. असा अचानक बिघाड बऱ्याचदा पूर्ण भरून येतो. मधले काही दिवस, काही आठवडे डायलिसिसवर काढावे लागतात, मग मूत्रपिंड पुन्हा काम करू लागतं. 'एकदा डायलिसिस लागलं की जन्माचं लागलं' हे वाक्य या रुग्णांच्या बाबतीत बऱ्याचदा खोटं असतं, आणि ते खरं मानून घरी नेलेला तरुण मुलगा वाचला असता, असं आम्ही एका घरात पाहिलं आहे.

उसाचाच विषय निघाला म्हणून. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड मजुरांत तिशी-चाळिशीतले पुरुष मूत्रपिंड निकामी होऊन मेले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. संशय उन्हातल्या कष्टांवर आणि अंगातलं पाणी पुन्हापुन्हा आटण्यावर आहे. आणखीही कारणं असावीत असं अभ्यासक म्हणतात. तिथं काही ठिकाणी सावली, ठरलेली विश्रांती आणि पाणी असा कार्यक्रम राबवला, त्यानं मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्या. विदर्भात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातही मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी आहे. बीडहून दिवाळीनंतर आपल्या शिवारात कोयता घेऊन येणारी जोडपी फाल्गुन-चैत्रापर्यंत उन्हात असतात. त्यांचं क्रिएटिनिन हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी कुणी मोजावं, असं आम्हाला फार वाटतं. साखरेला दर किती मिळाला याची नोंद आपण इतकी नीट ठेवतो.

उपचारांकडे येऊ. जुनाट आजारात मेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. हे ऐकलं की माणूस खचतो किंवा काढ्याकडे वळतो. पण उरलेल्या टिकवता येतात, आणि याबाबतीत आजचा काळ वीस वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे. रक्तदाब १३० वर ८० च्या आत ठेवायचा. त्यासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गोळ्या असतात. त्या गाळणीच्या आतला दाब उतरवतात, गळती कमी करतात. गंमत अशी की त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी थोडं चढतं आणि रुग्ण घाबरून गोळी सोडतो. सोडू नये, डॉक्टरांना विचारावं. दुसरी जात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांची. ही मधुमेहाची औषधं, पण २०२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांतही ती मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात असं दिसलं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं आणि किंमत एकदम खाली आली. कुणाला कोणती गोळी, हे डॉक्टरच ठरवणार. आम्ही फक्त अशा गोळ्या आहेत एवढं सांगतो.

खाण्यात मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचं-पापड आले. सैंधव हेही मीठच. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाच्या रुग्णानं ते विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि शहाळं. दवाखान्यात भेटायला जाताना आपण शहाळं नेतो, किडनीला चांगलं म्हणून तर हमखास. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या रुग्णाला शहाळ्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडण्याइतकं महाग पडू शकतं. प्रेमानं नेलेलं असतं, हे सगळ्यात वाईट.

पाचव्या पायरीवर मात्र मूत्रपिंडाचं काम बाहेरून करावं लागतं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या लहान गावात, १९४३ साली विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनं लाकडी पिंपावर सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या गुंडाळून डायलिसिसचं यंत्र केलं. पहिले पंधराएक रुग्ण बहुतेक सगळे दगावले. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई वाचली. ती नाझींना साथ दिल्याच्या आरोपावरून कैदेत होती, गावातल्यांना ती नकोशी होती. कोल्फनं ते पाहिलं नाही.

पुढं १९६० मध्ये सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नरनं हाताच्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडायची युक्ती काढली, आणि आयुष्यभर डायलिसिस शक्य झालं. यंत्रं मोजकी, रुग्ण अनेक. मग तिथं सात सामान्य नागरिकांची समिती बसवली. कुणाला यंत्र द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्यांनी ठरवायचं. पगार किती, मुलं किती, चर्चला जातो का, समाजाला उपयोग काय, असले निकष. १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकानं हे छापलं आणि गदारोळ झाला. वैद्यकातल्या नीतिविचाराचा अभ्यास वेगळा विषय म्हणून उभा राहिला त्यात या समितीचा वाटा मोठा. आम्ही हे उदाहरण वर्गात बरीच वर्षं शिकवलं. तेव्हा ते सिअ‍ॅटलचं होतं. आज वाटतं, आपल्याकडे समिती नाही, पण निवड होतेच. एसटीचं भाडं करतं. आठवड्याला तीनदा, दर वेळी चार तास, सोबत एक माणूस. त्या माणसाचा रोज बुडणार. आता तालुक्याच्या गावांतूनही डायलिसिस केंद्रं दिसतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. तरी तीनचं दोनवर आणि दोनचं एकवर येतं, ते बहुधा यंत्रापाशी नव्हे, एसटी स्टँडवर.

डायलिसिस म्हणजे शेवट, असं समजणाऱ्यांना आम्ही जयप्रकाश नारायण यांची आठवण देतो. आणीबाणीच्या कैदेत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं. तिथून पुढं जवळजवळ चार वर्षं ते डायलिसिसवर होते, आणि याच काळात, १९७७ मध्ये, त्यांनी विरोधी पक्षांची मोट बांधून देशाचं सरकार बदललं. मार्च १९७९ मध्ये तर ते वारल्याचं खुद्द पंतप्रधानांनी लोकसभेत जाहीर केलं, आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते. शब्दप्रमाणाची यापेक्षा मोठी फजिती आम्हाला माहीत नाही. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते गेले.

डायलिसिसची वेळ येणार असं दिसलं की आधीच हाताची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करून ठेवतात. तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणून चौथ्या पायरीवरच्या माणसानं ज्या हातानं लिहीत नाही त्या हातात सलाईन टोचू देऊ नये, शिरा राखाव्यात. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिसही असतं. लांबच्या वाड्या-वस्त्यांना ते सोयीचं, पण स्वच्छता कडक लागते.

प्रत्यारोपण हा सगळ्यात चांगला उपाय. १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांत ते पहिल्यांदा यशस्वी झालं, आपल्याकडे १९७१ मध्ये वेल्लोरला. १९९४ च्या कायद्यानं मूत्रपिंडाची विक्री गुन्हा ठरली. आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं, हे जवळचे नातेवाईक देऊ शकतात. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयवही देता येतात, पण ते फार थोडे मिळतात. राहता राहिलं घर. आपल्या देशात जिवंतपणी देणाऱ्यांत बायका खूप जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष खूप जास्त. आई देते, बायको देते. दान हा शब्द आपण वापरतो. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा होती त्यानं दिलं, तर ते दान. घरातल्या बाईला ती मुभा होती का, हे तिला एकटीला बसवून कुणी विचारतं का? डॉक्टरांना असं एकटीला विचारायचं असतं. सासरच्यांनी त्या वेळी बाहेर थांबावं.

वेळ संपत आली, चिठ्ठ्या घेतो. पहिली: 'बिअर प्यायल्यानं मुतखडा पडतो का?' पडतो तो लहान असतो म्हणून. पाण्यानंही पडला असता. दुसरी चिठ्ठी: 'पाणी किती प्यावं?' निरोगी माणसानं उन्हात काम असेल तर भरपूर, लघवी फिकट राहील इतकं. पण सूज असलेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णाला पाणी मोजून असतं, त्याला 'पी, किडनी साफ होईल' म्हणून आग्रह करू नका. तिसरी: 'सरांचं क्रिएटिनिन आता किती आहे?' विचारणाऱ्याचं नाव नाही, अक्षर ओळखीचं आहे. गेल्या महिन्यात २.०, ईजीएफआर ३४. दोन वर्षांत तीननं उतरला. गुडघे दुखतात. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.